उंबरठ्याच्या आंतलें स्वातंत्र्य

मुलांच्या हातीं कोणतें पुस्तक द्यावें हा प्रश्न एकत्र कुटुंबांत कोणा एकट्याचा नसतो. आजोबांना वाटतें चरित्र द्यावें, काकांना वाटतें शास्त्रीय माहितीचें द्यावें, आईला वाटतें निदान भाषा तरी शुद्ध असावी. आणि मुलें ह्या साऱ्यांची नजर चुकवून भलतेंच कांहीं वाचीत बसतात. परंतु ऑगस्ट महिना आला कीं एका बाबतींत घरोघर एकमत होतें. मुलांना स्वातंत्र्याच्या चळवळीची गोष्ट वाचावयास द्यावी. गोष्ट म्हणून बहुधा हातीं येतें तें चरित्र. नंदुरबारच्या शिरीषकुमारचेंच घ्या. ९ सप्टेंबर १९४२ रोजीं तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकींत हा पंधरा वर्षांचा मुलगा पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडला. त्याचे चार सोबतीही त्याच्याबरोबर गेले. हें वाचून ज्याच्या अंगावर कांटा उभा राहणार नाहीं असें मूल विरळा. तथापि पुस्तक मिटल्यावर त्या मुलाच्या मनांत एक अडचण उरते, आणि ती आपण वडीलधारी माणसें सहसा ध्यानांत घेत नाहीं. शिरीषकुमार हुतात्मा झाला. आपण तर उद्यां सकाळीं दप्तर घेऊन शाळेंत जाणार. मग त्या थोर मुलाचा आणि आपला संबंध काय?

हा संबंध जोडून देणें हें चरित्राचें काम नव्हे, कादंबरीचें आहे. मुलांसाठीं लिहिलेल्या ऐतिहासिक कादंबरींतला नायक थोर नसतो. त्याला भूक लागते, तो खोटें बोलतो, भावाशीं भांडतो. आणि मुख्य म्हणजे पुढें काय होणार हें त्याला ठाऊक नसतें. १९४२ सालच्या मुलाला १९४७ साल माहीत नव्हतें, ही गोष्ट सांगतांना किती सोपी वाटते! परंतु इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांतून मुलांना नेमकी तीच कळत नाहीं. तेथें प्रत्येक धडा शेवटास स्वातंत्र्यापर्यंत जाऊन पोहोंचतोच.

गेल्या कांहीं महिन्यांत आम्हीं अशा चार-पांच कादंबऱ्या लागोपाठ वाचल्या. त्यांतल्या कांहीं परदेशच्या, कांहीं आपल्याच देशासंबंधींच्या. वाचतां वाचतां एक कसोटी आमच्या हातीं लागली, ती वाचकांपुढें ठेवावी असें वाटतें. चळवळीची कथा घराच्या उंबरठ्याशीं येऊन थांबते कीं आंत शिरते, एवढेंच पाहावें. बाहेर साहेबाकडे मागितलेलें स्वातंत्र्य घरांत कोणी कोणाकडे मागतो काय? आणि मागितल्यावर घर काय करतें?

ह्या जातीच्या कादंबरीची परंपरा अमेरिकेंत बरीच जुनी आहे, म्हणून आरंभ तेथून करूं. एस्थर फोर्ब्स ह्या विदुषीची 'जॉनी ट्रिमेन' ही कादंबरी १९४३ सालीं प्रसिद्ध झाली, आणि दुसऱ्याच वर्षीं तिला तिकडील बालवाङ्मयाचें मानाचें न्यूबेरी पदक मिळालें. जॉनी हा बोस्टन शहरांत चांदीकामाची उमेदवारी करणारा चौदा वर्षांचा पोर. हात कुशल, जीभ त्याहून तिखट. एका रविवारीं, म्हणजे ज्या दिवशीं काम करणें त्या समाजांत निषिद्ध त्याच दिवशीं, वितळलेली चांदी सांडून त्याचा हात भाजतो आणि आंगठा तळव्याला कायमचा चिकटतो. धंदा गेला, ऐट गेली. भटकतां भटकतां तो एका वृत्तपत्राच्या छापखान्यांत जाऊन पोहोंचतो, आणि तेथून १७७३ च्या डिसेंबरांत बंदरांत चहाच्या पेट्या बुडविणाऱ्या मंडळींत. १७७५ सालीं लेक्झिंग्टनला पहिली चकमक झडते आणि जॉनीच्या जिवलग मित्राला प्राण गमवावे लागतात. शेवटीं एक डॉक्टर त्याचा हात मोकळा करून देण्याचें कबूल करतो. पण चांदीकामाची हमी देत नाहीं, बंदूक धरण्यापुरती देतो. ग्रंथकर्त्रीनें हें सहज लिहिलें कीं जाणूनबुजून, तें वाचकानें ठरवावें. पुस्तक दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमींत लिहिलेलें आहे, आणि लढणें भागच असतें हा त्यांतला सूर त्या काळाला धरूनच होता.

एकतीस वर्षांनीं, १९७४ सालीं, त्याच युद्धावर 'माय ब्रदर सॅम इज डेड' ही कादंबरी निघाली. लेखक दोघे बंधु, जेम्स आणि ख्रिस्तोफर कॉलियर. पैकीं ख्रिस्तोफर हे इतिहासाचे प्राध्यापक. व्हिएतनामच्या युद्धानें अमेरिकेचें मन तेव्हां पोळून निघालेलें होतें. कनेटिकटमधील एका खेड्यांत मीकर नांवाचें खानावळ चालविणारें कुटुंब आहे. थोरला मुलगा सॅम कॉलेजांतून उठून बंडवाल्यांना मिळतो. वडिलांना हें युद्धच नको आहे. धाकटा टिम दोघांच्या मध्यें सांपडतो. वडील इंग्रजांच्या कैदी-जहाजावर मरतात. सॅमवर आपल्याच घरच्या गुरांच्या चोरीचा खोटा आळ येतो आणि इतरांना दहशत बसावी म्हणून त्याच्याच पक्षाचे लोक त्याला गोळी घालतात. एका पक्षानें बाप नेला, दुसऱ्यानें भाऊ.

हीं दोन पुस्तकें शेजारीं ठेवलीं म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट दिसते. जॉनी अनाथ आहे. चळवळींत पडण्यासाठीं त्याला कोणाची परवानगी घ्यावी लागत नाहीं, त्याच्या जाण्यानें कोणाची चूल थंडावत नाहीं. लेखिकेनें नायकाला घरच ठेवलें नाहीं, त्यामुळें उंबरठ्याचा प्रश्नच मिटला. टिमच्या बाबतींत मात्र सारें युद्ध घराच्या जेवणाच्या टेबलावर सुरू होतें. आम्हांस दुसरें पुस्तक अधिक खरें वाटलें. पण तें दहा वर्षांच्या मुलाच्या हातीं देण्याचें नव्हे, हेंही येथेंच सांगून ठेवतों.

आपल्याकडे अनाथ नायकानें भागत नाहीं. आपल्या पांढरपेशा घरांतून एक मूल प्रभातफेरीस निघालें तरी दहा माणसांना विचारावें लागे, आणि दहांपैकीं दोघे सरकारी नोकरींत असत. मुलें गेलीं नाहींत असें मुळींच नाहीं. १९३० सालीं अलाहाबादेस बारा वर्षांच्या इंदिरेनें वानरसेना उभारली. उषा मेहतांनीं आठव्या वर्षीं, १९२८ मध्यें, सायमन कमिशनविरुद्धच्या मिरवणुकींत भाग घेतला होता. १९४२ च्या गुप्त आकाशवाणीवर त्यांचा आवाज उमटला तो त्यानंतर चौदा वर्षांनीं. परंतु ह्या मुलांच्या घरांत त्या रात्रीं काय बोलणें झालें, जेवणें झालीं कीं नाहीं, आजी काय म्हणाली, हें सांगणारी कादंबरी मराठींत आम्ही शोधूं लागलों म्हणजे पुन्हां पुन्हां चरित्रांच्याच कपाटाशीं येतों. याहून नवलाची गोष्ट ही कीं, मराठींतलें बालपणाचें सर्वांत लाडकें पुस्तक चळवळीच्या पोटींच जन्मलेलें आहे. 'श्यामची आई' साने गुरुजींनीं १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिली. लिहिणारा सत्याग्रही कैदी, लिहिण्याची जागा कारागृह, आणि गोष्टींत मात्र आई, कोंकण आणि दारिद्र्य. चळवळीनें गुरुजींना बालपण आठवावयास सवड दिली. त्या बालपणांत चळवळ नव्हतीच, म्हणून ती पुस्तकांतही आली नाहीं. यांत दोष कसला? पण त्यामुळें चळवळींत वाढलेल्या मुलाची कथा आपल्याकडे उणीच राहिली.

ही उणीव अलीकडे भरून काढूं लागल्या आहेत त्या भारतांतून परदेशीं जाऊन वसलेल्या घरांतल्या लेखिका, आणि तेंही इंग्रजींतून. त्यांच्या दोन पुस्तकांविषयीं सविस्तर लिहावयाचें आहे.

पहिलें, पद्मा वेंकटरामन यांचें 'क्लाइंबिंग द स्टेअर्स', म्हणजे 'जिना चढतांना'. प्रसिद्धीचें वर्ष २००८. लेखिका मूळच्या चेन्नईच्या, समुद्रशास्त्राच्या अभ्यासक. कथा १९४१ सालच्या मुंबईंत सुरू होते. विद्या ही पंधरा वर्षांची तमिळ ब्राह्मण मुलगी. वडील डॉक्टर, सुधारक मताचे; मुलीनें कॉलेजांत जावें अशी त्यांची इच्छा. चळवळींतल्या जखमींची शुश्रूषा ते गुपचूप करीत असतात, हें तिला उशिरां कळतें. एके दिवशीं वाटेंत मोर्चा दिसतो आणि भारावलेली विद्या त्या गर्दींत शिरते. वडील तिच्या मागोमाग. लाठ्या पडूं लागतात. दुसऱ्यास वांचविण्यासाठीं ते आडवे होतात आणि मार त्यांच्या डोक्यावर बसतो. ते मरत नाहींत. बुद्धि नाहींशी झालेलें एक शरीर होऊन ते घरांत राहतात.

येथें सामान्य लेखक थांबला असता, कारण त्याग तर झाला! पद्माबाईंची कथा येथून पुढेंच खऱ्या अर्थानें सुरू होते. मिळवता पुरुष गेल्यावर घराचें काय होतें? आमच्या वाचकांना तें सांगावयास नको. बिऱ्हाड मोडतें, आणि आई, भाऊ, विद्या व तो परावलंबी बाप मद्रासला आजोबांच्या एकत्र कुटुंबांत येऊन पडतात. आश्रय मिळतो, आणि त्याची किंमतही रोज मोजावी लागते. बायका खालीं, पुरुष वर. स्वयंपाक खालीं, पुस्तकें वर. माडीवर आजोबांचा ग्रंथसंग्रह आहे. त्या जिन्याच्या दहा-वीस पायऱ्या चढण्याची परवानगी मागणें, एवढाच ह्या कादंबरींतला सत्याग्रह. विद्या धीर करून आजोबांकडे जाते आणि पुस्तकें वाचण्याची मुभा मागते, ती मिळते. बाहेर साम्राज्य हादरत असतांना घरांत एक मुलगी जिना चढते, ही घटना लेखिकेनें तितक्याच तोलाची मानली, आणि वाचकाकडूनही ती तशी मान्य करून घेतली.

आणखीही एक तिढा आहे. विद्येचा भाऊ किट्टा इंग्रजांच्या सैन्यांत भरती होतो. ज्या सरकारच्या लाठीनें बापाची ही दशा झाली त्याचीच चाकरी! त्याचें म्हणणें असें कीं हिटलरला थोपविणें हें त्याहून मोठें काम आहे. दोघां भावंडांच्या वादांत कोण बरोबर, हें लेखिका सांगत नाहीं, आणि न सांगून तिनें मुलांवर मोठा उपकार केला आहे. १९४१-४२ सालीं हा वाद कित्येक घरांतून खराच झाला होता. आज मात्र आपण मुलांना असें सांगतों कीं जणूं त्या वेळीं सर्वांचें एकच मत होतें.

एक तक्रार नोंदवून ठेवतों. घरांतील थोरली काकू फारच काळ्या रंगांत रंगविली आहे. एकत्र कुटुंबांत छळणाऱ्या बायका होत्या, नाहीं असें कोण म्हणेल? पण ती काकूही कधीं काळीं कोणाची तरी मुलगी होती, तिलाही तो जिना बंदच होता, हें एकदां तरी दिसतें तर बरें झालें असतें. घरांतली खरी कुलपें बायकांच्या हातीं पुरुषांनींच दिलेलीं असतात.

दुसरें पुस्तक मराठी वाचकास अधिक जवळचें आहे. सुप्रिया केळकर ह्या अमेरिकेंत वाढलेल्या; त्यांचें 'अहिंसा' २०१७ सालीं निघालें. त्यांच्या पणजी म्हणजे नागपूरच्या अनसूयाबाई काळे. चळवळींत तुरुंग पाहिलेल्या, १९४२ नंतर आष्टी-चिमूरच्या फांशीच्या कैद्यांसाठीं खटपट केलेल्या, आणि स्वराज्यांत १९५२ व १९५७ अशा दोन्ही वेळीं नागपुराहून लोकसभेवर निवडून गेलेल्या. पणजीच्या ह्या आयुष्यावरून पुस्तकाची प्रेरणा मिळाली. कथा मात्र कल्पित आहे, गांवही कल्पित, नवरंगपूर.

साल १९४२. अंजली दहा वर्षांची. तिची आई एका इंग्रज अधिकाऱ्याकडे नोकरीस असते. ती नोकरी सुटते, आणि अंजली आपला मित्र इरफान याच्यासह त्या अधिकाऱ्याच्या बंगल्याच्या भिंतीवर काळ्या रंगानें 'क्यू' हें अक्षर काढते. 'क्विट इंडिया'चें तें आद्याक्षर. तिला वाटतें, आतां आपण चळवळींत आलों. पण प्रत्येक घरानें एक माणूस चळवळीला द्यावा असें आवाहन येतें, तेव्हां उठून जाते ती आई. मुलीला हें मुळींच आवडत नाहीं! पहिला धक्का बसतो तो कपड्यांचा. विलायती कपडे होळींत घालावयाचे, त्यांत तिचे आवडते, चमकत्या कशिद्याचे परकर-चोळ्याही आल्या. खादी जाडीभरडी आहे आणि टोंचते. देशासाठीं प्राण देण्याच्या गोष्टी वाचलेल्या मुलाला एखादा आवडता परकर देणें किती जड जातें, हें ज्या लेखिकेला कळलें तिला मूल कळलें असें आम्ही समजतों.

दुसरा धक्का अधिक खोल आहे, आणि त्यासाठींच हें पुस्तक आपल्या घरांतून वाचलें जावें. अंजलीचें घर ब्राह्मणाचें, जोशांचें. परसांतला संडास साफ करावयास मोहन नांवाचा मुलगा येतो. अंजलीच्याच आसपासच्या वयाचा. पण त्याच्याशीं बोलावयाचें नाहीं, त्याला शिवावयाचें नाहीं. आई अस्पृश्यतानिवारणाचें काम हातीं घेते आणि मायलेकी आपला संडास स्वतः साफ करूं लागतात. घरांतले जुन्या वळणाचे चाचाजी संतापतात, गांवांतले शेजारी तोंड फिरवतात. येथपर्यंतची कथा आपल्याला गोडच लागते, कारण तींत आपण सुधारक आहोंत. परंतु केळकरबाई पुढें जातात. अंजलीची आई मोठ्या प्रेमानें 'हरिजन' म्हणते. आणि ज्यांना उद्देशून तो शब्द वापरला त्यांच्याकडूनच तिला कळतें कीं हें नांव आम्हीं मागितलेलें नाहीं, आम्हांला तें नको आहे. आम्हीं स्वतःला दलित म्हणतों. दया करणारा हात पुढें होतो, आणि समोरचा माणूस तो हात न धरतां स्वतःच्या पायांवर उभा राहूं पाहतो, हा प्रसंग मुलांच्या पुस्तकांत आम्हीं क्वचितच पाहिला.

हा कांहीं आजच्या काळाचा शब्दच्छल मागें नेऊन चिकटविलेला नाहीं. गांधीजींचें 'हरिजन' साप्ताहिक १९३३ सालीं सुरू झालें, आणि १९३८ सालीं मुंबईच्या विधिमंडळांत हाच शब्द कायद्यांत घालण्याचें ठरूं लागलें तेव्हां डॉक्टर आंबेडकर व त्यांचे सहकारी सभात्याग करून बाहेर पडले. महाडच्या चवदार तळ्याचें पाणी तर त्याआधींच, २० मार्च १९२७ रोजीं, ओंजळींत घेतलें गेलें होतें. म्हणजे नवरंगपूरची ती आई चळवळींत पडली त्या वेळीं स्वातंत्र्याची दुसरी एक चळवळ पंधरा वर्षें चालू होती, आणि ती सुशिक्षित बाईच्या गांवींही नव्हती. किती घरांची ही स्थिति होती!

पुढें हिंदु-मुसलमानांचा दंगा पेटतो आणि इरफानची मैत्री ताणली जाते. आई तुरुंगांत जाते. तिचें अर्धवट राहिलेलें शाळेचें काम मुलगी पुढें नेऊं पाहते. ह्या भागांत अंजली मधूनमधून दहा वर्षांच्या मुलीपेक्षां शहाणी बोलते. लेखिकेला आजचें जें ठाऊक आहे तें कधीं कधीं मुलीच्या तोंडीं येऊन बसतें. ऐतिहासिक कादंबरीला हा दोष नेहमींच भोंवतो. तरी मोहन वेळोवेळीं येऊन तिला जमिनीवर आणतो, म्हणून पुस्तक तरतें.

वीरा हिरानंदानी यांच्या 'द नाइट डायरी' ह्या १९१८ नव्हे तर २०१८ सालच्या, अगदीं अलीकडच्या पुस्तकाविषयीं थोडेंच लिहितों, कारण त्याचा विषय फाळणी. मीरपूर खासची बारा वर्षांची निशा, आई मुसलमान, वडील हिंदु, आणि आई तर जन्मतःच गेलेली. १९४७ सालीं घर सोडून जोधपुराकडे जातांना ती रोज रात्रीं त्या न पाहिलेल्या आईला पत्र लिहिते: मी कोणत्या बाजूची? लेखिकेच्या वडिलांच्या घरानें ह्याच वाटेनें प्रवास केला होता. २०१९ सालीं पुस्तकास न्यूबेरी सन्मान मिळाला. शेवटचा निर्वाळा देण्याची घाई त्यांत नाहीं.

ह्या पुस्तकांविषयीं वडील मंडळींकडून येणारा एक आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. मुलांना थोरांची पूजा करावयास शिकवावें, घरच्या उखाळ्यापाखाळ्या कशास दाखवाव्या? आक्षेप सर्वस्वी टाकाऊ नाहीं. ज्या मुलानें अजून गांधीजी, टिळक, सावरकर, आंबेडकर यांचीं नांवेंही नीट ऐकलीं नाहींत, त्याला एकदम घराची काळी बाजू दाखवणें शहाणपणाचें नव्हे. पण चरित्रें वाचून झालेल्या मुलाला पुन्हां चरित्रच देत राहिलें तर तें मूल थोरांना नमस्कार करावयास शिकतें आणि स्वतःला त्या हिशेबांतून वगळतें. 'अहिंसा' दहाव्या वर्षापासून खुशाल द्यावें. विद्येची कथा तेराव्या-चौदाव्या वर्षीं, आणि शक्य तर घरांतल्या एखाद्या आजीनेंही ती वाचावी किंवा ऐकावी. आम्हीं दोन्ही इंग्रजींतूनच वाचल्या. परदेशीं असलेल्या नातवंडांना त्यामुळें त्या सुलभ होतील, आणि येथल्या मुलांना कोणी मोठ्यानें वाचून मराठींत सांगत गेल्यास संध्याकाळ चांगली जाईल. 'मग आपल्याकडे मागच्या दारानें कोण येत असे?' असा प्रश्न एखादें मूल वाचतां वाचतां विचारील, त्याची तयारी असावी. तो प्रश्न आला कीं दिवा मालवूं नये.

मराठींत अशी कादंबरी लिहूं इच्छिणाऱ्यांसाठीं साहित्य घरांतच आहे, पण तें फार दिवस राहणार नाहीं. १९३० सालीं जन्मलेलीं माणसें आज नव्वदीच्या पलीकडे गेलीं आहेत. त्यांना 'तुम्ही तुरुंगांत गेलां होतां काय?' असें विचारलें तर बहुतेक जण नाहीं म्हणतील आणि बोलणें संपेल. त्याऐवजीं विचारावें कीं वडील तुरुंगांत असतांना घरचें भाडें कोण देत असे. घरीं पोलीस आले तेव्हां आजी कोठें बसली होती. विलायती कापड जाळलें त्या दिवशीं कोणतें लुगडें कोणीं लपवून ठेवलें. आणि सूत काढावयास बसलेल्यांत घरच्या सुनांना जागा होती कीं त्या वेळीं त्या स्वयंपाकघरांत होत्या.